अ‍ॅम्पवरची क्वाय

३ ऑक्टोबर, लुमपारिंग

आलो एकदाचा. दोन बॅगा, तीन गिटारी, एक कॉम्प्युटर आणि मी, असे सगळे मेव्हण्याच्या टॅक्सीत कोंबून चढण चढून आलो. बाह् पिनशाय, म्हणजे पिनशायदादा, माझ्या बायकोचा, इबाचा थोरला भाऊ, वाटेत तीनदा म्हणाला की गिटारी तीन कशाला, हात तर दोनच आहेत. असला विनोद करणारा माणूस रोज जेवायला समोर बसणार, हे लग्नाआधीच लक्षात घ्यायला हवं होतं. तरी आज मन प्रसन्न आहे. उन्हं स्वच्छ पडली आहेत, खाली सगळं शिलाँग पसरलेलं दिसतंय आणि मला एक आख्खी खोली मिळाली आहे.

इबा धाकटी. आपल्यात आईचं घर धाकट्या लेकीचं, आणि धाकट्या लेकीचा नवरा म्हणजे त्या घराचा कायमचा पाहुणा. बायकोच्या घरी जायचं म्हणून माझे मित्र उगाच तोंडं पाडून बसतात. मला त्यात वाईट काही दिसत नाही. पाहुण्याला कुणी काम सांगत नाही, आणि मला सात गाणी रेकॉर्ड करायची आहेत.

ही सात गाणी पंधरा डिसेंबरच्या आत झाली पाहिजेत. मला बँडमधून काढताना मंडळी काय म्हणाली? ‘लाम, तुझं सगळं बरोबर असतं रे, पण त्यात जीव नसतो.’ ज्यांचं काहीच बरोबर नसतं त्यांनी हे म्हणावं! उथळ पाण्याला खळखळाट फार. गाणी बाहेर आली की त्यांची तोंडं बघायची आहेत, दुसरं काही नको.

खोली मागच्या अंगाला आहे. लाकडी जमीन, चुन्यानं लिंपलेल्या बोरूच्या भिंती, वर पत्रा. कोपऱ्यात गिटारचा गुडघ्याएवढा जुना अ‍ॅम्प, काचेच्या व्हॉल्व्हचा. त्यावर क्रोशाचं विणकाम, विणकामावर पितळी थाळी, थाळीत क्वाय: सुपारीची फोड आणि चुना लावलेलं पान. माझा हात आपोआप गेला. आपल्यातल्या माणसाला क्वाय दिसावी आणि त्याचा हात जाऊ नये, असं मी तरी पाहिलेलं नाही. कान गरम झाले, बरं वाटलं.

अ‍ॅम्प ड्रिक्सनचा आहे, इबाच्या पहिल्या नवऱ्याचा. तो कलकत्त्यात एका हॉटेलात वाजवायचा. चार वर्षांपूर्वी तिथेच तापानं गेला. लोक माशाचे काटे काढत असताना कोपऱ्यात उभं राहून वाजवणाऱ्याला गिटारवादक म्हणायचं, तर तिथल्या वेटरलाही म्हणायला हरकत नाही. अ‍ॅम्प मात्र चांगला आहे. गाढवाच्या पाठीवरही कधी कधी सोनं लादलेलं असतं.

६ ऑक्टोबर

घरी गिटार रेकॉर्ड करायला काय लागतं, यावर शिलाँगमध्ये प्रत्येकाचं मत आहे. ज्याला गिटार सुरात लावता येत नाही त्याचं तर फारच ठाम असतं. आज पोलिस बाजारात बाह् केल्विनच्या दुकानात अडीच तास ती मतं ऐकली. केल्विनला मला एक डबी विकायची होती. तिच्यात म्हणे शंभर अ‍ॅम्पची नक्कल आहे, हवा तो आवाज निवडा. शंभर पदार्थांची चव एका पुडीत! असली पुडी मी नूडल्सवरही टाकत नाही. तिथेच आमच्या चर्चमधला एक वादक सगळ्यांत महागडा माइक हातात धरून देवाच्या मूर्तीकडे बघावं तसा बघत होता. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे त्याला कुणी सांगावं?

मी चारच वस्तू घेतल्या. गिटारचा कोरा आवाज कॉम्प्युटरात उतरवणारी एक साधी पेटी. खिळे ठोकले तरी काही होणार नाही असा एक दणकट माइक. वीस फूट केबल. आणि रीअ‍ॅम्पची डबी. ही चौथी वस्तू केल्विनकडे दोन वर्षं धूळ खात पडली होती. ती कशासाठी असते हे विकणाऱ्याला माहीत नव्हतं, मी सांगितलं.

सकाळी शांतपणे एकदाच कोरं वाजवून ठेवायचं. मग सवडीनं तेच वाजवणं कॉम्प्युटरातून या डबीमार्गे अ‍ॅम्पमध्ये सोडायचं. डबी आवाज इतका दबका करते की तो थेट गिटारच्या तारांमधून आल्यासारखा अ‍ॅम्पपाशी पोहोचतो. अ‍ॅम्पला वाटतं समोर माणूस बसून वाजवतोय. मग माइक दोन बोटं इकडे ठेवा, तिकडे ठेवा, दहा वेळा वाजवून घ्या, वादक दमत नाही, कारण वादक तिथे नसतोच. अ‍ॅम्पला माणूस आणि माणसाची नक्कल यांतला फरक कळत नाही, एवढंच यातलं गुपित.

केल्विन म्हणाला, ‘म्हणजे बाह् लाम, उद्या तुम्ही नसलात तरी तुमचं चालूच राहील.’ आयुष्यात पहिल्यांदा तो मुद्द्याचं बोलला.

१० ऑक्टोबर

मांडामांड झाली. अ‍ॅम्प मागच्या खोलीत, त्यासमोर माइक, आणि दाराखालून केबल मधल्या खोलीत माझ्या कॉम्प्युटरपाशी. माइक कुठे ठेवायचा यात दोन दिवस गेले. पुढच्या जाळीच्या मधोमध ठेवला तर आवाज टोचतो, कडेला नेला तर गोधडीतून आल्यासारखा येतो. मध्याच्या जरा डावीकडे, जाळीपासून दोन बोटांवर, अशी जागा सापडली. इबा म्हणाली तिला काही फरक कळत नाही. तिचे कान लाकडी आहेत, हे मी तिला प्रेमानंच सांगितलं. ती उठून गेली.

मोहल्ल्याच्या दरबाराचा, म्हणजे इथल्या पंचायतीचा, सेक्रेटरी येऊन सांगून गेला की वाजवायचं ते दुपारी एक ते चार. त्याला स्वतःला माउथ ऑर्गन येतो म्हणे. येत असेल.

एक कटकट आहे. मेई, म्हणजे सासूबाई, रोज दुपारी न चुकता अ‍ॅम्पवर क्वायची थाळी ठेवतात, आणि अ‍ॅम्प सुरू झाला की ती थाळी खणखणते. मी तसं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘राहू दे की रे लाम, एवढीशी तर आहे.’ हे घर जुन्या धर्माचं. आमच्या घरी तीन पिढ्या चर्च, त्यामुळे पितळी थाळीत कोण कुणासाठी काय ठेवतं हे विचारायच्या भानगडीत मी पडत नाही. मी साधा उपाय काढला आहे. त्या गेल्या की क्वाय खायची, रिकामी थाळी खिडकीत ठेवायची आणि कामाला लागायचं. थाळीही वाजत नाही आणि पानही वाया जात नाही.

१३ ऑक्टोबर

पहिलं गाणं सकाळी कोरं वाजवून घेतलं. चूक एकही नाही. दुपारी मागच्या खोलीचं दार लावलं आणि हेडफोन घालून मधल्या खोलीत बसलो. तिकडे रिकाम्या खोलीत अ‍ॅम्प माझं वाजवणं वाजवू लागला. आवाज असा की मीच माझ्यावर खूश.

दुसऱ्या कडव्यानंतरच्या तुकड्यात एक सूर मी सरळ सोडला होता. अ‍ॅम्पमधून येताना तो ओढला गेला. तार बोटानं दाबून हळूहळू वर न्यावी आणि पोहोचायच्या आत क्षणभर थांबावं, तसा. कोरा ट्रॅक परत ऐकला, तर सूर सरळ. परत अ‍ॅम्पमधून सोडला, तर ओढलेला. जुने व्हॉल्व्ह गरम झाले की असले चाळे करत असणार. वाईट लागत नाही म्हणून ठेवला.

इबा चहा घेऊन आली होती. तिनं हेडफोन कानाला लावला, नेमकी तीच जागा ऐकली आणि रडायला लागली. म्हणाली, ‘तुझं वाजवणं आज पहिल्यांदा आत लागलं.’ दोन वर्षं मी या बाईसमोर वाजवतोय, आणि हिला रडू येतं ते एका व्हॉल्व्हच्या बिघाडानं! गाढवाला गुळाची चव काय.

१७ ऑक्टोबर

तीन गाणी झाली. तिन्हींत मी न वाजवलेलं काहीतरी आहे, आणि ते दर गाण्यागणिक वाढतंय. व्हॉल्व्हचा बिघाड इतका सुरेल नसतो, एवढं मलाही कळतं.

पहिलं गाणं बँडच्या जुन्या मंडळींना पाठवलं. लगेच उत्तर आलं: ‘हे तू वाजवलंस?’ नाही, माझ्या आजीनं वाजवलं! मग कौतुकाचा पूर. जीव आला म्हणे. परत ये म्हणे. मी उत्तर दिलेलं नाही, जरा वाट बघू दे.

जेवताना पिनशायला तेच गाणं ऐकवलं. तुंगतापची, म्हणजे सुक्या माशांची, चटणी बोटावर तशीच राहिली त्याच्या. म्हणाला, ‘हा तर ड्रिक्स. पोहोचायच्या आधी थांबायचं ते त्याचंच. अरे, तो जिना चढतानाही वरच्या पायरीआधी थांबायचा.’ मग तो ड्रिक्सनपुराण सांगत बसला. ड्रिक्सन क्वाय हातात घेतली की आधी फोड मोडायचा, अर्धी इबाच्या हातावर ठेवायचा आणि मगच स्वतः खायचा. एकदाही चुकला नाही. ‘तू बाबा आख्खी गट्ट करतोस,’ असंही वर म्हणाला. इबा ताटाकडे बघत होती. मेई हसल्या. दुपारपासून थाळीतली फोड मोठी आहे.

रात्री विचार केला. समजा पिनशाय म्हणतो तसं काही असेलही. म्हणजे काय झालं? जिवंतपणी हॉटेलात वाजवणारा मेल्यावर माझ्या गाण्यात वाजवतोय, त्याची बढतीच झाली म्हणायची. फुकटचा वादक कोण सोडतं? नाव माझंच लागणार आहे.

२० ऑक्टोबर

आज खात्री करायची ठरवलं. कॉम्प्युटरातून काहीच सोडलं नाही. नुसती शांतता, चार मिनिटं, डबीतून अ‍ॅम्पमध्ये. मागची खोली रिकामी, दार बंद, दुपारचे दोन.

पहिलं मिनिटभर अ‍ॅम्पची घूं. मग खुर्ची करकरली. मग माइकला अगदी जवळून एक बारीक आवाज आला. लाकडावरून बोटं फिरत होती. अ‍ॅम्पच्या वरच्या फळीवरून, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अंधारात चष्मा शोधावा तशी. थांबली. परत पहिल्यापासून फिरली.

थाळी खिडकीत होती. क्वाय माझ्या तोंडात होती.

मग गिटार वाजली. कुणी सोडलेली नाही, कुणी वाजवलेली नाही. दोन मिनिटं. इतकी सुंदर की मी ती पुसली नाही. आधी हे लिहितो आणि मग भीतीचं लिहितो, यावरून मी काय माणूस आहे ते कळावं. उठून दोनदा दारापर्यंत गेलो आणि परत आलो. दार उघडलं तेव्हा खोलीत कुणी नव्हतं, खुर्ची मात्र अ‍ॅम्पकडे तोंड करून होती. मी ती भिंतीकडे ठेवतो.

२३ ऑक्टोबर

सकाळी पाचवं गाणं कोरं वाजवून घेतलं. ऐकलं तर मध्ये मध्ये सूर नाहीत. पडद्यावर आवाजाची रेघ आहे, पण ऐकायला काही नाही. केबल बदलली. पेटी बदलून आणली. केल्विन म्हणाला पेटीत काही दोष नाही, आणि तो बरोबर होता, हे लिहायची पाळी आली.

दोष बोटात आहे. डाव्या हाताचं तिसरं बोट तारेवर टेकलेलं दिसतं, पण तार दबत नाही.

दुपारी अ‍ॅम्पमधून तेच गाणं सगळं भरून आलं. माझे गेलेले सूर तिकडे आहेत. आणखी सुंदर होऊन तिकडे आहेत. चोर तो चोर, वर शिरजोर!

क्वाय आजही खाल्ली. खायची नव्हती. थाळी उचलली आणि तोंडात रस आल्यावर कळलं.

२५ ऑक्टोबर

इबा आज खुशीत होती. म्हणाली, ‘काल दुपारी किती हसवलंस सगळ्यांना. असाच राहा की रे.’ काल दुपारी एक ते चार मी हेडफोन घालून बसलो होतो. मी कुणाला हसवलेलं नाही, या घरात हसवण्यासारखं कुणी नाही. तिला तसं सांगितलं. तिला वाटलं मी नेहमीसारखा वाकडं बोलतोय. ती म्हणाली की तू आमच्याबरोबर जेवलास, मेईला पाणी दिलंस, आणि थाळीतली क्वाय—

माझ्या हाताकडे बघत राहिली.

पिनशायनं अंगणातून हाक मारली, ‘ड्रिक्स, टॅक्सीला धक्का मार जरा!’ मग जीभ चावली. पण हाक मारताना तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या शेजारी बघत होता.

२७ ऑक्टोबर

मेईंना विचारलं. नाक मुठीत धरून विचारलं, हे खरं आहे. त्या सुपारी कातरत होत्या.

त्यांनी सांगितलं ते असं. आपल्यात माणूस गेला की त्याला शब्द देऊन पाठवतात: जा, देवाच्या घरी क्वाय खा. ड्रिक्सनला कलकत्त्यात परक्यांनी जाळलं. इथे हाडं आली नाहीत, कुणी शब्द दिले नाहीत. ज्याला निरोप मिळाला नाही तो या घराचा पाहुणाच राहिला. आणि पाहुण्याला क्वाय द्यावी लागते. म्हणून रोजची थाळी. चार वर्षं थाळी तशीच राहायची, दुसऱ्या दिवशी त्या पान बदलायच्या. तीन तारखेपासून ती रिकामी मिळू लागली. त्यांना वाटलं, आला, खाऊ लागला, आता त्याचं मन निवलं. म्हणून त्या हसायच्या.

मी म्हणालो, मी खात होतो.

मेईंच्या हातातला अडकित्ता थांबला. मला शिव्या हव्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, ‘अरे पोरा, एका घरात दोन पाहुणे आणि क्वाय एक. त्याच्या वाटची तू खाल्लीस, मग तुझ्या वाटचं तो खाणार ना. दुसऱ्याची क्वाय खाल्ली की दुसऱ्याची वाट चालावी लागते.’

उपाय आहे. ड्रिक्सनची बहीण मैरांगला असते. तिला बोलवायचं, अ‍ॅम्पवर शेवटची क्वाय ठेवायची, सगळ्यांनी दारात उभं राहून शब्द म्हणायचे. मग तो जाईल. मेई म्हणाल्या परवाच करू.

मी म्हणालो सात नोव्हेंबरला करू. अजून दोन गाणी राहिली आहेत.

हे मी म्हणालो. लिहून ठेवतो, कारण उद्या मीच कबूल करणार नाही. तो गेला तर ती दोन गाणी मला वाजवावी लागतील. माझ्या हातांनी, बरोबर आणि जीव नसलेली. मेई बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत जे होतं ते आजवर मी दुसऱ्यांकडे बघताना माझ्या नजरेत असायचं.

३० ऑक्टोबर

सहावं गाणं झालं. आता मला कोरंही वाजवावं लागत नाही. शांतता सोडली की गाणं परत येतं.

क्वाय खायची नाही म्हणून हात उपरण्यानं खुर्चीला बांधला होता. सोडवला कुणी ते माहीत नाही. तोंड लाल आहे.

२ नोव्हेंबर

दुपारी डोळा लागला असावा. जाग आली तेव्हा मी मागच्या खोलीत होतो, अ‍ॅम्पसमोर, खुर्चीवर. दार बंद. मधल्या खोलीत माझा कॉम्प्युटर चालू असल्याचा आवाज येत होता. कुणीतरी तिकडे बसून बटणं दाबत होतं. आणि अ‍ॅम्पमधून माझं वाजवणं येत होतं. माझं, बरोबर, कोरडं. मी हात मांडीवरून हलवला नव्हता—

दार ढकललं तर उघडलं. मधल्या खोलीत कुणी नाही. हेडफोन गरम होते.

४ नोव्हेंबर

जेवायला बसलो. चार ताटं, माझ्या जागी तो. माझं जाकीट घातलेलं, तेही वरचं बटण खालच्या काजात. गबाळा. दिसायला अगदी मी. मी उभा होतो तिथे कुणाची नजर गेली नाही. बोललो. ओरडलो. पातेल्याचं झाकण पाडलं. मेई म्हणाल्या, वारा फार सुटलाय, खिडकी लावा.

त्यानं मेईंना पाणी दिलं. पिनशायच्या त्याच त्या विनोदाला हसला. तीन गिटारी, दोन हात. मी या विनोदाला एकदाही हसलो नाही. हसायला हवं होतं का? एवढंसं तर होतं.

इबा त्याच्याशी बोलताना माझं नाव घेते. लाम म्हणते. ते नाव तिनं मला एवढ्या मायेनं कधी—

५ नोव्हेंबर

पेन फक्त मागच्या खोलीत धरता येतं. बाहेर हातातून पडतं.

इबा खोली झाडायला आली. माझ्यातून नाही, माझ्या बाजूनं गेली, जागा असल्यासारखी. वाटलं ओळखलं. तिनं विणकाम पुन्हा अ‍ॅम्पवर घातलं, वर थाळी. क्वाय घालून गेली. मी खाल्ली. भूक फार लागते. दुसरं काही खाता येत नाही.

ती लाकडी कानाची नाही. हे तिला सांगायला—

६ नोव्हेंबर

मैरांगहून त्याची बहीण आली. बाहेर माणसं जमली आहेत. उद्या ड्रिक्सनला निरोप. सगळ्यांना वाटतंय मागच्या खोलीत ड्रिक्सन आहे.

मागच्या खोलीत मी आहे.

मीच सांगितलं होतं, सात तारीख. मेई म्हणाल्या तेव्हाच केलं असतं तर—

सातवं गाणंही झालं. मधल्या खोलीतून ऐकू आलं. सगळ्यांत चांगलं तेच आहे. खाली नाव माझं.

७ नोव्हेंबर

दुपार. ऊन आहे. दार उघडलं त्यांनी. मेई, पिनशाय, ती बहीण. इबा. तिच्या शेजारी तो. बटणं आज बरोबर लावली आहेत, तिनं लावून दिली असणार.

लिहितोय तोवर मी आहे. लिहीत राहायचं.

मेईंनी थाळी ठेवली. मोठी फोड. म्हणाल्या, ‘ड्रिक्सन बाळा, उशीर झाला आमच्याकडून, राग धरू नकोस.’ मी म्हणतोय, मेई, मी लाम, मी लाम. अ‍ॅम्प चालू नाही, तरी घूं येते आहे. त्यांना तेवढीच ऐकू येते. बहीण रडली, म्हणाली, ऐकला ग, ऐकला.

उरलेली क्वाय बाहेरच्यांना वाटली. त्यालाही दिली.

त्यानं फोड मोडली. अर्धी इबाच्या हातावर ठेवली. मग खाल्ली.

इबा हातातल्या अर्ध्या फोडीकडे बघतेय. त्याच्याकडे बघितलं. मग इकडे, सरळ खुर्चीकडे, माझ्याकडे. कळलं तिला. बाकी कुणाला नाही, तिला कळलं. इबा, बोल. एक शब्द बोल, इबा, मी यापुढे कधी—

तिनं मूठ मिटली. डोळे मिटले. सगळ्यांबरोबर म्हणतेय, सगळ्यांच्या वर तिचाच आवाज, जा, देवाच्या घरी क्वाय—

थाळी समोर आहे. घ्यायची नाही. हात धरून ठेवलाय. या हातानं लिहितोय, त्या हातानं धरून ठेवलाय, पण दिसली की तो आपोआप—